ल्युबेकचं मारियेनकिर्श आणि त्याचा धाकटा ऑर्गन

(दृश्य : नदीपलीकडून दिसणारं शहर, लाल विटांचे दोन मनोरे, हिरवी टोकं)

उत्तर जर्मनीतलं ल्युबेक. ट्राव्ह आणि वाकेनित्स या नद्यांनी वेढलेलं जुनं शहर. खारवलेले मासे, मीठ, मेण, लोकर, धान्य या मालावर इथले व्यापारी गबर झाले. हान्से नावाच्या व्यापारी शहरांच्या संघाचं नेतृत्व शेकडो वर्षं या शहराकडे होतं.

शहरात चर्चं बरीच आहेत. दक्षिण टोकाला बिशपचं कॅथेड्रल आहे. पण नजर जाते ती मधल्या या जोडमनोऱ्यांकडे. उंची जवळजवळ 125 मीटर. हे मारियेनकिर्श, म्हणजे मेरीमातेचं चर्च. ते बिशपनं बांधलेलं नाही. शहराच्या कौन्सिलचं आणि व्यापाऱ्यांचं हे चर्च बाजाराला आणि टाउन हॉलला खेटून उभं आहे. बिशपच्या चर्चपेक्षा आपलं चर्च मोठं दिसलं पाहिजे, ही ईर्षा त्यांनी लपवण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

(दृश्य : आत, कॅमेरा खांबावरून वर सरकत छतापर्यंत)

वर बघा. छताची उंची 38.5 मीटर. विटांनी बांधलेलं इतकं उंच कमानदार छत जगात दुसरं नाही. काम साधारण 1250 ते 1350 असं शंभर वर्षं चाललं. नमुना समोर होता फ्रान्समधल्या दगडी कॅथेड्रलांचा. पण या किनाऱ्यावर बांधकामाजोगा दगड कुठून आणायचा? माती मात्र हवी तेवढी. मग टोकदार कमानी, बाहेरून भिंतींना टेकू देणाऱ्या अर्ध्या कमानी, बारीक नक्षीच्या खिडक्या, हे सगळं भाजलेल्या विटेत उतरवलं गेलं. विटेत दगडासारखं कोरीवकाम जमत नाही. म्हणून ही इमारत नक्षीपेक्षा उंचीवर आणि सरळ रेषांवर उभी राहिली. बाल्टिक समुद्राच्या काठानं सत्तरेक चर्चं हिचा नमुना घेऊन बांधली गेली.

अशा उंच, रिकाम्या पोकळीत आवाज लगेच विरत नाही. वादकानं पट्टीवरून बोट उचललं तरी सूर काही क्षण छताशी रेंगाळतो. इथे वाजलेलं संगीत याच पोकळीसाठी रचलेलं आहे.

(दृश्य : पश्चिम भिंतीवरचा मोठा ऑर्गन, समोरून)

आता या भिंतीकडे. 1377 सालच्या एका मृत्युपत्रात ऑर्गनवादकाचा उल्लेख आहे, म्हणजे चौदाव्या शतकातच इथे ऑर्गन होता. पश्चिमेच्या भिंतीवर 1516 ते 1518 या काळात मार्टिन फ्लोर याच्या देखरेखीखाली नवा मोठा ऑर्गन उभा राहिला. 32 स्टॉप (पाईपांच्या रांगा चालू-बंद करणारे खटके), हातांसाठी दोन कीबोर्ड आणि पायांसाठी पेडल. त्याचा सगळ्यात खालच्या सुराचा पाईप 11 मीटर लांब होता. त्या काळात असा पाईप बहुधा दुसरीकडे कुठेच नव्हता. एवढ्या लांब पाईपचा सूर माणसाच्या कानाच्या अगदी खालच्या काठावर असतो. तो ऐकू येण्याआधी बाकात आणि पायाखालच्या फरशीत जाणवतो.

(दृश्य : ऑर्गनच्या आत, लाकडी काड्या, पाईपांच्या रांगा, अरुंद शिडी)

आपण आता आत आहोत. संगीत नाटकात वाजायचा तो ऑर्गन आपल्या ओळखीचा. पायानं भाता मारायचा, आत पितळी पत्त्या थरथरायच्या. इथे भाता तोच, पण सूर निघतो पाईपातून. पाईपाच्या तोंडाशी एक फट असते. तिच्यातून निघालेली हवा वरच्या धारेवर आपटते आणि पाईपातला हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली येतो. काही पाईपांत मात्र पितळी जीभ असते. त्यांचा आवाज तुतारीसारखा खणखणीत. पाईपाचा धातू म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. त्याचं प्रमाण बदललं की आवाजाचा पोत बदलतो. हे मिश्रण ओतणं, त्याचा पत्रा तासणं, गुंडाळून डाग देणं, मग एकेका पाईपाचं तोंड चिमूटभर इकडे-तिकडे करून त्याला 'बोलतं' करणं, हे सगळं हातानं होतं. पाईप हजारो असले तरी हे काम एकेका पाईपाशी बसूनच करावं लागतं.

या बारीक लाकडी काड्या हलताना दिसताहेत. वादकानं पट्टी दाबली की ही लाकडी काडी खेचली जाते आणि पाईपाखालची झडप उघडते. बोट आणि झडप यांच्यात वीज नाही, फक्त लाकूड आणि तार. झडप किती हळू किंवा झटकन उघडते, हे त्यामुळे बोटाला कळतं. स्टॉप म्हणजे पाईपांची कोणती रांग बोलणार आणि कोणती गप्प बसणार, हे ठरवणारा खटका.

आणि हवा? विजेच्या आधी भाते माणसं चालवायची, स्वतःचं वजन टाकून, पायांनी. ती नसली तर वादकाला सरावसुद्धा करता येत नसे. वादकांच्या याद्या इतिहासात मिळतात. भाता मारणाऱ्यांची मजुरी कुठेतरी हिशेबाच्या वहीत सापडते, तेवढंच.

(दृश्य : जुनं चित्र, मृत्युनृत्याचं चॅपल)

मोठ्या ऑर्गनपेक्षा आकारानं धाकटा, पण वयानं जुना एक ऑर्गन याच चर्चमध्ये होता. उत्तरेकडच्या चॅपलमध्ये, म्हणजे चर्चच्या आतल्या छोट्या प्रार्थनागृहात, 1477 साली बसवलेला. या चॅपलच्या भिंतींवर चित्रकार बर्न्ट नोटकेनं 1463 मध्ये काढलेलं 'मृत्युनृत्य' हे चित्र होतं, सुमारे 30 मीटर लांब. सांगाडे पोपचा हात धरून नाचताहेत, सम्राटाचा, व्यापाऱ्याचा, शेवटी पाळण्यातल्या बाळाचा. 1701 पर्यंत ते इतकं खराब झालं, की मूळ चित्र उतरवून त्या जागी नवी नक्कल लावली गेली. चित्रामुळे ऑर्गनलाही तेच नाव पडलं : मृत्युनृत्य ऑर्गन. मृतांसाठीच्या प्रार्थनासभांत तो वाजायचा. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर त्या सभा बंद झाल्या, पण ऑर्गन कामात राहिला. 1549 आणि 1558 मध्ये याकोब शेररनं त्यात भर घातली. 1653 ते 1655 मध्ये फ्रीडरिश स्टेलवागेननं मोठी दुरुस्ती केली. त्यानंतर त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि माझ्या मते हेच त्याचं सुदैव.

(दृश्य : वादकाची बैठक, पाय पेडलवर, जवळून)

हे पाय बघा. उत्तर जर्मनीतल्या ऑर्गनसंगीतात पाय हाताच्या मदतीला येत नाहीत, ते स्वतःची ओळ वाजवतात. ही परंपरा ज्याच्या हातात, म्हणजे पायात, कळसाला पोचली तो डीट्रिश बुक्स्टेहुडे. 1668 साली तो इथला वादक झाला आणि 1707 मध्ये मरेपर्यंत राहिला. आधीचा वादक फ्रान्झ टुंडर. त्याच्या मुलीशी बुक्स्टेहुडेचं लग्न झालं. नोकरी वादकाची आणि वर चर्चची हिशेबनिशीही. जमाखर्च, पगार, सामानाची खरेदी, सगळं त्याच्याकडे. संगीतकाराला कारकुनी करायला लावली म्हणून हळहळायचं कारण नाही. खर्चाच्या वह्या हातात असल्यामुळे त्याला व्यापाऱ्यांकडे पैसे मागायची सवय झाली आणि ती त्याच्या कामी आली.

नाताळाआधीच्या पाच रविवारी संध्याकाळी इथे मैफली व्हायच्या, 'आबेन्डमुझिक'. सुरुवात टुंडरची. असं सांगतात, की बाजार उघडण्याची वाट बघत थांबलेल्या व्यापाऱ्यांसाठी तो वाजवायचा. बुक्स्टेहुडेनं त्याचं मोठं रूप केलं. गायक, व्हायोलिनवाले, तुतारीवाले, सगळे वर गॅलरीत. प्रवेश मोफत, खर्च व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून. गर्दी इतकी, की गोंधळ आवरायला शहराचे पहारेकरी बोलवावे लागत.

1703 मध्ये हँडेल आणि मॅथेसन हे दोन तरुण संगीतकार हँबुर्गहून आले. म्हाताऱ्या वादकाची जागा रिकामी होणार होती. अट समजली : वादकाच्या मुलीशी लग्न. दोघंही परत गेले. 1705 च्या शरद ऋतूत आर्नस्टाट गावचा वीस वर्षांचा ऑर्गनवादक योहान सेबास्टियन बाख तिथून आला, 400 किलोमीटरच्या आसपास अंतर पायी तोडून. रजा चार आठवड्यांची काढली होती, राहिला तिच्या चौपट. परत गेल्यावर तिथल्या धर्ममंडळानं त्याला जाब विचारला, आणि प्रार्थनागीतांत विचित्र सूर मिसळून लोकांना गोंधळात टाकतोस, अशी तक्रारही केली. ल्युबेकमध्ये काय ऐकलं, ते त्या तक्रारीवरूनच कळतं.

पुढचा भाग मात्र टाळीचा नाही. मोठा ऑर्गन नीट दुरुस्त करा, असं बुक्स्टेहुडे पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्या काळचा सर्वात नावाजलेला कारागीर आर्प श्निटगर येऊन पाहून गेला. कंत्राट मिळालं नाही. 1704 मध्ये दुसऱ्या कारागिराकडून तीन स्टॉप वाढवले, बस्स. युरोपभर ज्याच्या वादनाचं नाव, त्याच्या हाताखालचं वाद्य डागडुजीवर चाललेलं. देणगी द्यायला व्यापारी तयार होते, पण मैफलीसाठी. भात्याच्या चामड्यासाठी पैसे द्यायला कुणाला हौस असते?

(दृश्य : संग्रहातला फोटो, मोठ्या ऑर्गनचा कोरीव दर्शनी भाग)

हा फोटो 1942 पूर्वीचा. समोरची कोरीव लाकडी चौकट बेनेडिक्ट ड्रेयरची, 1518 च्या वेळची. फोटो बघून वाटतं, बाखनं ऐकलेला ऑर्गन हाच. पण आतला ऑर्गन तो नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या ऑर्गनमध्ये 57 स्टॉप आणि 4,684 पाईप होते. 1851 मध्ये योहान फ्रीडरिश शुल्झनं त्या काळच्या आवडीप्रमाणे 80 स्टॉपचा अगदी नवा ऑर्गन त्याच चौकटीमागे बसवला. मोठ्या ऑर्गनच्या विध्वंसाचं खापर नेहमी दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये पडलेल्या बाँबवर फोडलं जातं. बुक्स्टेहुडेचा मोठा ऑर्गन त्याच्या नव्वद वर्षं आधी, शांततेच्या काळात, सुधारणा म्हणून गेला होता. त्याच्या काळाचा शिल्लक राहिला होता तो चॅपलमधला धाकटा, दुर्लक्षित ऑर्गन. विसाव्या शतकात जुन्या ऑर्गनांचा शोध घेणाऱ्यांना तो सापडला. अभ्यासकांची ये-जा सुरू झाली, आणि 1937 पर्यंत त्याची स्टॉपरचना पुन्हा सतराव्या शतकासारखी करण्यात आली.

(दृश्य : दक्षिण मनोऱ्याचा तळ, फुटलेल्या घंटा)

1942, 28 मार्चची रात्र. ब्रिटिश विमानं. दोन्ही ऑर्गन, मृत्युनृत्य, छतं, मनोऱ्यांची टोकं जळाली. शहरात तीनशेहून जास्त माणसं गेली. या घंटा वरून पडल्या. मोठी 1668 ची, सात टनांच्या वर वजनाची. जिथे पडल्या तिथेच आहेत.

(दृश्य : भिंतींवरची फिकट चित्रं)

आगीच्या धगीनं भिंतींवरचा चुना निघाला आणि खालची मध्ययुगीन चित्रं उघडी पडली. 1951 मध्ये चर्चची सातशे वर्षं साजरी झाली तेव्हा वरच्या भिंतींवरचे संत पाहून लोक थक्क झाले. त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली. पुढच्याच वर्षी लोथार माल्स्काट नावाच्या चित्रकारानं सांगितलं, हे संत मी काढलेत. खटला झाला, तो आणि त्याचा मालक दोघं तुरुंगात गेले, गायनकक्षातली खोटी चित्रं पुसली गेली. बाकी बरंच खरं आहे, ते इथे दिसतंय.

(दृश्य : मोठ्या ऑर्गनचे पाच कीबोर्ड)

आजचा मोठा ऑर्गन 1968 चा, ल्युबेकच्याच केम्पर कारखान्याचा. पाच कीबोर्ड, सुमारे 100 स्टॉप, 8,512 पाईप. सर्वात लांब 11 मीटर, सर्वात लहान सिगारेटएवढा. पट्टीपासून झडपेपर्यंत यांत्रिक जोडणीचा तो त्या वेळी जगातला सर्वात मोठा ऑर्गन होता. जुन्या चौकटीची नक्कल करायच्या फंदात कुणी पडलं नाही, ते बरं झालं. एका खोट्या मध्ययुगाचा अनुभव ताजाच होता.

(दृश्य : खगोलीय घड्याळ)

हे घड्याळही आगीनंतरचं, 1967 मध्ये पूर्ण झालेलं. पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. मृत्युनृत्य ऑर्गनची मूळ जागा हीच. 1955 मध्ये केम्परनं तो 1937 च्या मापांवरून पुन्हा बांधला, पण वेदीमागच्या उत्तरेकडच्या भागात. तो सारखा बिघडायचा. मग 1986 मध्ये विल्हेल्म्सहाफेनच्या फ्युरर कारखान्यानं त्याच जागी नवा बांधला : चार कीबोर्ड, 56 स्टॉप, पाच हजारांच्या आसपास पाईप. बाखपर्यंतचं संगीत त्यावर उत्तम वाजतं. तरी जुन्या धाकट्याच्या जातीचा आवाज ऐकायचा असेल तर थोडं चालून याकोबी चर्चमध्ये जावं. तिथला स्टेलवागेनच्या हातचा, 1637 चा ऑर्गन त्या रात्री वाचला.

(दृश्य : वर्षअखेरची रात्र, भरलेलं चर्च, तुताऱ्या, नगारे)

31 डिसेंबरला मात्र मोठा आणि धाकटा एकाच वेळी वाजतात. एक पश्चिम भिंतीवर, दुसरा वेदीच्या बाजूला, सोबत पितळी वाद्यं, नगारे, आणि सगळं चर्च उभं राहून एक जुनं आभारगीत गातं. दोन्ही ऑर्गनमधलं अंतर एवढं, की पलीकडचा सूर अलीकडे उशिरा पोचतो. कानावर विसंबलं तर ताल सुटलाच म्हणून समजा.