फोडणीत पडते ती हळद

तेल तापलंय. मोहरी तडतडली, मागोमाग जिरं, चिमूटभर हिंग. हळद मात्र शेवटी, आच मंद करून. करपायला तिला क्षण पुरतो आणि मग सगळी आमटी कडवट लागते.

हळदीला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. पेलाभर पाण्यात हळद ढवळून बाजूला ठेवा, थोड्या वेळानं तळाशी गाळ दिसेल. तेलात मात्र ती लगेच रंग सोडते. शिवाय पोटात गेलेलं बहुतेक कर्क्युमिन रक्तात पोचण्याआधीच शरीर निकामी करून टाकतं. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी त्यासोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं, तेव्हा माणसांमध्ये त्याचं शोषण सुमारे वीसपट वाढलं.

हा आकडा सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांत हमखास असतो. पुढचा हिशोब कुणी करत नाही. प्रयोगात कर्क्युमिन होतं २ ग्रॅम. हळदपुडीत ते साधारण ३ टक्के धरलं, तरी साठ-सत्तर ग्रॅम पूड लागेल. म्हणजे वाटीभर! आमटीत पडते पाव चमचा.

म्हणून आजीची हळद खोटी ठरत नाही. जखमेवर ती थेट आणि भरपूर लागते. याच वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना ‘सीएसआयआर’ या भारत सरकारच्या संशोधन संस्थेनं जुन्या ग्रंथांचे आणि शोधनिबंधांचे पुरावे मांडले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

लवंगेचंही तसंच. तिच्यातलं युजेनॉल दुखऱ्या दाढेवर थेट पडतं आणि जागा बधिर करतं. दातांचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात, त्याचा तो ओळखीचा वास याच युजेनॉलचा. ओव्यातला थायमॉल माउथवॉशमध्येही असतो.

मेथीची गोष्ट थोडी वेगळी. रात्री भिजवलेले दाणे सकाळी बोटांत धरले की बुळबुळीत लागतात. तो चिकटा म्हणजे विरघळणारा तंतू. त्यानं जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पण इथेही चमचे मोजावे लागतात, फोडणीतल्या चार दाण्यांनी काही होत नाही. आणि मधुमेहाची गोळी सुरू असेल, तर मेथीच्या भरवशावर ती बंद करायची नाही.

आता बाजारात कर्क्युमिनच्या कॅप्सूल मिळतात, बऱ्याचशा पायपरिन घातलेल्या. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका. आमटीतल्या हळदीसाठी कुणाला विचारायला नको.