राज्यांचं गाणं पाठ, पण नकाशावर झारखंड सापडेना? नाशिकपासून सुरुवात करा

(समोर टेबलावर भारताचा कोरा नकाशा, पेन्सिल, खोडरबर)

नमस्कार मंडळी! आज थेट मुद्द्यालाच हात घालते. बऱ्याच घरात पोरांना राज्यांचं गाणं येतं, यूट्यूबवर ऐकून ऐकून अगदी चालीसकट, राजधान्यांसकट, आणि आपण पाहुण्यांसमोर म्हणून पण घेतो. आता एकदा सहज नकाशा पुढे ठेवा आणि विचारा, बाळा झारखंड कुठंय? बोट आधी गुजरातवर जातं, मग सरकत सरकत केरळात, आणि मग आपल्या तोंडाकडे बघत बघत अंदाजाने कुठंतरी थांबतं. त्याला क्रम पाठ झालाय हो, जागा कुणी दाखवलीच नाही, मग ते तरी काय करणार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ए पासून सुरू होणारी यादी बाजूला ठेवा आणि नाशिकपासून सुरुवात करा. आपण नाशिककर या बाबतीत नशीबवान आहोत, इथून हायवे जातो, रेल्वे जाते, गोदावरी जाते, आणि पोराला यातलं निम्मं आधीच माहिती असतं, फक्त ते नकाशाला जोडलेलं नसतं.

आधी नकाशा. स्टेशनरीवाल्याकडे कोरा नकाशा मागितला की तो विचारतो राजकीय का प्राकृतिक, राजकीय सांगा, आणि पाच-दहा एकदम घेऊन टाका, कारण हे खोडून खोडून खराब होणारेत. भिंतीवर लावायचा रंगीत घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी दोन जागा बघा. तेलंगणा आंध्रपासून वेगळा दाखवलाय का, तो २ जून २०१४ ला झाला. आणि वर लडाख वेगळा आहे का, तो ३१ ऑक्टोबर २०१९ पासून वेगळा आहे. जुना स्टॉक खपवला जातो ना, मग पोरगं २९ राज्यं घोकत बसतं. आज २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत, कारण जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले आणि नंतर २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन मिळून एक झाले.

आता पहिल्या दिवशी फक्त शेजारी. महाराष्ट्राच्या हद्दीवरून पोराला स्वतःच्या हाताने पेन्सिल फिरवू द्या आणि जिथे दुसरं राज्य लागेल तिथे थांबून नाव घ्यायचं. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक, गोवा, आणि पालघरच्या बाजूला तो छोटासा दादरा-नगर हवेलीचा तुकडा. गुजरात तर आपल्याला अगदीच जवळ, आपले सुरगाणा आणि पेठ तालुके थेट गुजरातला लागून आहेत. सापुताऱ्याला गेला असाल तर पोराला विचारा, आपण तेव्हा दुसऱ्या राज्यात गेलो होतो, माहितीये का? बहुतेक पोरं उडतात, कारण त्यांच्या डोक्यात सापुतारा म्हणजे वणीच्या पुढचं फिरायचं ठिकाण. सापुतारा गुजरातच्या डांग जिल्ह्यात येतो. पुढच्या वेळी जाताना पाट्यांची लिपी कुठे बदलते ते त्यालाच शोधायला लावा.

अजून एक गंमत इथेच सांगते. राज्य म्हणजे मोठं आणि जिल्हा म्हणजे छोटा असं पोरांना पक्कं वाटत असतं. आपला नाशिक जिल्हा साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा आहे आणि अख्खं गोवा राज्य ३,७०२. म्हणजे आपल्या जिल्ह्यात चार गोवे बसतात! सिक्कीम आणि त्रिपुरा पण नाशिक जिल्ह्यापेक्षा लहान. हे एकदा कळलं ना की पोरगं नकाशाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतं, आणि सगळ्यात मोठं कुठलं हे स्वतःच विचारतं. राजस्थान. मग मध्य प्रदेश, मग आपण.

आता हायवे, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे जरा जास्त बोलणारे. मुंबई-आग्रा हायवे आपल्या गावातूनच जातो. धुळे, शिरपूर, मग मध्य प्रदेश सुरू, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, पुढे चंबळ ओलांडली की धौलपूर म्हणजे राजस्थानचा थोडासाच तुकडा, आणि मग उत्तर प्रदेशात आग्रा. एका रस्त्यावर चार राज्यं ओळीने, आणि आपण रोज द्वारकेच्या सर्कलला ट्रॅफिकमध्ये अडकतो तो हाच रस्ता. तिथे हॉर्न वाजवत बसण्यापेक्षा पोराला नंबर प्लेटा वाचायला लावा. आपली एमएच १५ त्याला माहिती असतेच, मालेगावची ४१. मग जीजे ०५ म्हणजे सुरत, एमपी ०९ म्हणजे इंदूर, आरजे १४ जयपूर. पिंपळगाव-लासलगावकडून कांदा भरून निघालेल्या गाड्यांमध्ये तर काय काय सापडतं. एनएल ०१ असे ट्रक दिसतील, ते कोहिमाचे, नागालँडचे. आता इतके ट्रक नागालँडहून येतात का, तर नाही, नोंदणी तिकडे करणं सोयीचं पडतं म्हणून मालक तिकडची पासिंग घेतात. पण पोराला त्या निमित्ताने घरी आल्यावर नागालँड शोधावंसं वाटतं, आपलं काम झालं.

प्लेटांमध्ये फसायच्या जागा पण मस्त आहेत. यूके दिसलं की पोरं ओरडतात इंग्लंडची गाडी! ती उत्तराखंडची. बीएच दिसलं की बिहार, पण बिहारचं बीआर, आणि बीएच म्हणजे भारत सिरीज, २०२१ पासून सुरू झालीये, वेगवेगळ्या राज्यांत बदली होणाऱ्या लोकांना पुन्हा पुन्हा नोंदणी करायला लागू नये म्हणून. तेलंगणाच्या गाड्यांवर टीएस आणि टीजी दोन्ही दिसतील, २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी मिळतं. एकच अट, घरी आल्यावर जेवढ्या प्लेटा आठवतील तेवढी राज्यं कोऱ्या नकाशावर रंगवायची. आठवणार नाहीत त्या सोडून द्या, उद्या परत द्वारका आहेच, तिथलं ट्रॅफिक कुठे जातंय.

आता गोदावरी. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम, रामकुंडावरून पुढे जाते, पैठण, नांदेड, एवढं पोरांना ऐकून माहिती असतं. पुढे? बासरजवळ तेलंगणात शिरते. बासरचं सरस्वतीचं देऊळ आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना माहितीये, लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला नेतात तिथे. मग भद्राचलम, ते पण तेलंगणातच, मग आंध्रात राजमहेंद्री आणि शेवटी बंगालचा उपसागर. एकूण १,४६५ किलोमीटर. निळ्या पेन्सिलने एका दमात ही रेघ ओढायला लावा. आणि शेवटाला एक बक्षीस आहे, नदीच्या मुखाजवळ यानम नावाचं गाव आहे, चारही बाजूंनी आंध्र, पण ते आंध्रात नाही, पुदुच्चेरीत आहे! पुदुच्चेरी हा केंद्रशासित प्रदेश चार तुकड्यांत विखुरलाय, पुदुच्चेरी आणि कारैकल तमिळनाडूच्या बाजूला, यानम आंध्रात आणि माहे पार तिकडे केरळच्या किनाऱ्याला. हे तुकडे फ्रेंचांच्या ताब्यात होते म्हणून असे विखुरलेले राहिले. केंद्रशासित म्हणजे काय हे व्याख्या देऊन सांगितलं तर पोरगं जांभई देतं, यानमवरून सांगितलं तर प्रश्न विचारतं.

पूर्वेला रेल्वे. नाशिकरोडवरून नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल, महाराष्ट्र, छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगाल. ते सुरुवातीचं झारखंड आलं बघा, टाटानगर स्टेशन तिथलं.

बंगालपर्यंत पोचलात की पुढे ईशान्य भारत, आणि इथे भलेभले आईबाबा पण चाचपडतात, खरं सांगा. पुढे जायला सिलीगुडीजवळ एक चिंचोळी पट्टी आहे, काही ठिकाणी जेमतेम २०-२२ किलोमीटर रुंद. पट्टीच्या वर सिक्कीम. पलीकडे आसाम, आणि आसाम म्हणजे वाड्यातला मधला चौक समजा, बाकी सहा जणींची दारं त्यातच उघडतात. वर अरुणाचल, उजवीकडे वरून खाली नागालँड, मणिपूर, मिझोराम, मग त्रिपुरा आणि मेघालय. आधी आसाम काढायचा, मगच बाकीच्या. लाकडी पझल घेणार असाल तर ईशान्येच्या राज्यांचे तुकडे वेगवेगळे आहेत ना ते बघून घ्या, सगळं मिळून एकच तुकडा असेल तर तो खेळणं म्हणून ठीक, अभ्यासाला नाही.

राजधान्या मी मुद्दाम शेवटी ठेवते. तिसरी-चौथीच्या पोराला सगळ्या आल्याच पाहिजेत असं मला तरी वाटत नाही, जागा पक्की झाली की नाव लवकर चिकटतं. पण विचित्र केसेस आधी सांगा, त्या पोरांना आवडतात. चंदीगड एकटं पंजाब आणि हरियाणा दोघांची राजधानी, आणि स्वतः कुणाचंच नाही, केंद्रशासित. आंध्रची राजधानी अमरावती, आपल्या विदर्भातली नव्हे हं, कृष्णेच्या काठची.

आणि घेताना कसं घ्यायचं, तर नकाशा समोर उघडा ठेवून वाचून घेऊ नका. झाकायचा, कोरा द्यायचा, आणि आपण तोंड बंद ठेवायचं, हेच सगळ्यात अवघड आहे. पोर अडलं की आपल्या तोंडून पहिलं अक्षर निघतंच. नका काढू, दोन मिनिटं आठवू दे त्याला. चुकलेली तीन-चार राज्यं मागच्या बाजूला लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी फक्त तेवढीच विचारा, मग आठवड्याने परत. आणि शेजारच्या पोराला सगळं येतं हे वाक्य या काळात घरात नको.

जाता जाता एक काम देते, हे आजी-आजोबांकडे न्यायचं. पोराला सांगा, आजोबांना विचार तुमचा जन्म कुठल्या राज्यात झाला. आजोबा म्हणतील महाराष्ट्र. पण महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. त्याआधी नाशिकला जन्मलेला माणूस मुंबई राज्यातला (१९५० च्याही आधीचा असेल तर मुंबई प्रांतातला), आणि १९५६ ते १९६० मध्ये तर राजकोट आणि नाशिक एकाच राज्यात होते! ज्यांच्या घरी मराठवाड्यातल्या आजी आहेत आणि जन्म १९५६ च्या आधीचा आहे त्यांचं उत्तर हैदराबाद राज्य येईल, आणि १९५० ते १९५६ मध्ये जन्मलेल्या नागपूरकडच्या आजोबांचं मध्य प्रदेश, तेही नागपूर त्याची राजधानी असतानाचा. आधी आजोबांना काय वाटतं ते विचारा आणि मगच तारीख सांगा, त्या क्रमाने जास्त मजा येते.