हाताला झेपेल तेच मशीन

(वाळपईत बागायतदार आणि झाडकाम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो 'सीसी किती?', म्हणजे इंजिन केवढं? माझ्या मते हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. आधी स्वतःला विचारा, वर्षातले बहुतेक दिवस आपण कापतो काय? आणि मग विचारा, संध्याकाळी पाच वाजता, अंग थकलेलं असताना, हे मशीन आपल्याच्यानं नीट धरवेल का?

आपलं काम कसलं आहे ते बघा. कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पोफळींवर कललेली फणसाची फांदी, वाळका माड, काजूच्या बागेतली जुनी खोडं. खाणींच्या मातीच्या ढिगांवर लावलेलं अकेशिया. किनाऱ्याकडं सुरू. पावसाळा लागला की रस्त्यावर आडवे झालेले गुलमोहर आणि रेन ट्री. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किती झाडं रस्त्यांवर आणि विजेच्या तारांवर पडली ते तुम्हाला आठवत असेल. यातलं बहुतेक लाकूड हातभर जाडीचं किंवा त्याहून कमी. दोन माणसांच्या कवेत न मावणारं खोड वर्षातून क्वचित येतं. त्यासाठी वर्षभर खांद्यावर लोखंड वाहायचं कशाला? असं खोड आलं तर मोठं मशीन भाड्यानं आणा.

आता आकडे सांगतो. स्टिल कंपनीचं एमएस २५० हे ४५.४ सीसीचं, बागायतदार वर्गातलं मशीन. वजन ४.६ किलो, ताकद २.३ किलोवॅट. त्याच कंपनीचं एमएस २६१ हे ५०.२ सीसीचं, व्यावसायिक वर्गातलं. वजन ४.९ किलो, ताकद ३ किलोवॅट. म्हणजे तीनशे ग्रॅम जास्त वजनात जवळजवळ तीस टक्के जास्त ताकद. हुस्क्वार्नाचं ५५० एक्सपी मार्क टू याच पंक्तीतलं. आता एमएस ६६१ बघा. ९१.१ सीसी, ७.४ किलो, ५.४ किलोवॅट. आणि ही सगळी वजनं बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), चेन, पेट्रोल आणि तेल धरल्याशिवायची आहेत. छातीच्या उंचीवर आडवं धरून दिवसभर फांद्या उतरवणाऱ्या माणसाला एमएस २६१ पेक्षा हे जास्तीचे अडीच किलो काय असतात ते विचारा.

बागायतदार वर्ग आणि व्यावसायिक वर्ग यांतला खरा फरक आत असतो. स्वस्त मशीनमध्ये इंजिन प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवलेलं असतं. व्यावसायिक मशीनची क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, मॅग्नेशियमची, ती उष्णता झेलते आणि बेअरिंग जागेवर धरून ठेवते. एअर फिल्टर मोठा आणि चटकन निघणारा, तेलाचा पंप कमी-जास्त करता येणारा, आणि हँडल व इंजिन यांच्यामध्ये थरथर अडवणाऱ्या स्प्रिंगा. घरचं सरपण आणि वर्षातून चार फांद्या असतील तर बागायतदार वर्गातलं मशीन उत्तम, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्याच्या घरची चूल या कामावर पेटते, त्यानं व्यावसायिकच घ्यावं.

त्या स्प्रिंगांना मी इतकं महत्त्व का देतो ते ऐका. वर्षानुवर्षं थरथरणारं हँडल धरणाऱ्यांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. बोटं गार पडतात, पांढरी होतात, मुंग्या येतात, आणि एक दिवस शर्टाचं बटणही लावता येत नाही. एकदा दुखणं पुढं गेलं की ते परत फिरत नाही. युरोपात यासाठी कायदा आहे. आठ तासांच्या सरासरीनं हाताला बसणारी थरथर २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकानं उपाय करायचे, आणि ५ च्या वर कामगाराला काम देताच येत नाही. आपल्याकडं भाटकार, म्हणजे बागेचा मालक, मजुराला स्वतःचं मशीन देतो, पण त्याच्या स्प्रिंगा तुटल्या आहेत का ते कोणी बघत नाही. कृपा करून बघा. सुटे भाग म्हणून त्या मिळतात.

आता चेन. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण कापते ती चेन. पूर्वीच्या चेनला करवतीसारखे दात असत, ते लाकूड ओरबाडत. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं एका भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती लाकडाच्या रेषेतूनही जाई आणि आडवीही जाई, डावी-उजवीकडं कापत. त्यावरून त्यानं एक डावा, एक उजवा असे रंध्यासारखे तासणारे दात बनवले. आज तुमच्या चेनवर जो वाकडा दात दिसतो तो त्याचाच वंशज.

हा दात दोन जातींचा मिळतो. चौकोनी कोपऱ्याचा, त्याला फुल चिझल म्हणतात. तो स्वच्छ लाकडात झपाट्यानं जातो, पण कोपऱ्याला माती लागली की संपला. दुसरा गोल कोपऱ्याचा सेमी चिझल, थोडा सावकाश, पण धार टिकवणारा. आपल्याकडं सुरूच्या सालीत वाळू अडकलेली असते, पडलेल्या झाडाच्या बुंध्याला जांभ्याची माती असते, आणि माडाचं लाकूड तर धार खाणारंच, कारण त्यात सिलिका असते. म्हणून गोव्यात माझं मत ठाम आहे: सेमी चिझल घ्या.

धार गेली हे ओळखायला कान लावायची गरज नाही, खाली बघा. धारदार चेन ढलप्या टाकते, बोटाच्या चिमटीत धरता येतील अशा. बोथट चेन पीठ टाकते. पीठ दिसायला लागलं, मशीन आत ढकलावं लागलं, काप एका बाजूला वाकायला लागला, की थांबा आणि गोल कानस काढा. कानशीची जाडी चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या अंतरावर, ठरते; काही लोक ती अंदाजानं सांगतात, तसा अंदाज नको. ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची कानस, छोट्या मशीनवरच्या बुटक्या तीन-अष्टमांश इंची चेनला ४ मिलिमीटरची. दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेनं, प्रत्येक दाताला सारखेच हात. आणि दातापुढं जो बुटका उंचवटा असतो तो सपाट कानशीनं दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवा. लोक घाईत तो फार उतरवतात. मग दात लाकडात रुततो, मशीन झटके देतं.

झटक्यावरून बारची लांबी आली. ५० सीसीला सोळा इंची बार पुरे. दोन्ही बाजूंनी नीट कापता येत असेल तर त्याच्या दीडपट जाडीचं खोडही आडवं करता येतं. लांब बार दिसायला रुबाबदार, पण धार लावायला दात जास्त, इंजिनावर ओझं जास्त, आणि बारचं टोक तुमच्या नजरेआड. टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला की मशीन उलटून तोंडाकडं येतं. वादळात पडलेल्या झाडाच्या गुंत्यात पानांमागं फांदी कुठं आहे ते दिसत नाही, आणि तिथंच हे घडतं. म्हणून रोज सकाळी चेन ब्रेक, म्हणजे अशा वेळी चेन थांबवणारा ब्रेक, तपासा. थ्रॉटल देऊन डाव्या मनगटानं पुढची दांडी ढकला, चेन तिथल्या तिथं थांबली पाहिजे. नाही थांबली तर त्या दिवशी ते मशीन चालवायचं नाही.

झाडावर चढून काम करणाऱ्यांसाठी वर हँडल असलेलं छोटं मशीन येतं, साडेतीन-चार किलोचं. ते दोरावर लटकलेल्या प्रशिक्षित माणसासाठी आहे. हलकं आहे म्हणून जमिनीवर एका हातानं चालवणारे दिसतात, त्यांना थांबवा. बॅटरीची मशीन आता चांगली निघाली आहेत, वस्तीत छाटणीला आवाज नको असेल तर जरूर बघा. दिवसभराच्या तोडीला अजून पेट्रोलच.

पेट्रोल म्हटलं की आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपला पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा किती लिहिली आहे ते खरेदीआधीच वाचा. या इंजिनांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं; पन्नासास एक हे प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. लागेल तेवढंच मिसळा, आणि मशीन महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून, चालवून कार्ब्युरेटर कोरडा करा.

बारच्या तेलाबद्दल माझी कळकळीची विनंती आहे. गॅरेजमधलं काळं, जळकं ऑइल घालू नका. त्यातल्या धातूच्या किसानं पंप झिजतो, आणि ते कातडीला घातक असतं. शिवाय हे तेल परत येत नाही. अर्धा लिटर पेट्रोलमागं साधारण पाव लिटर तेल चेनवरून उडून जातं, ते कुळागरात पाटाच्या पाण्यात उतरतं. त्याच पाण्यावर आपल्या पोफळी आहेत.

मशीनचं बजेट ठरवताना त्यातूनच हेल्मेट, जाळी, कानाची झापं आणि पायांचं संरक्षक कापड यांचे पैसे आधी बाजूला काढा. त्या कापडात लांब धागे असतात. चेन लागली की ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन अडकते. आपल्या उकाड्यात पूर्ण पँट सोसत नसेल तर फक्त पुढून झाकणारं घ्या, पण घ्या. आणि झाड उभं असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, तो कागद हातात आल्यावरच मशीनची दोरी ओढा.

मघाशी एका भावानं जुनं मशीन घेण्याबद्दल विचारलं. घ्यायला हरकत नाही, पण एक करा. मशीन बंद ठेवून स्टार्टरच्या दोरीनं उचला. ते सावकाश, थांबत थांबत खाली आलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, ठीक आहे, धाडकन आलं तर गेलेलं. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून आत टॉर्च मारा. पिस्टनची बाजू गुळगुळीत दिसली पाहिजे. उभे ओरखडे असतील तर कोणीतरी ऑइलशिवाय किंवा हवा जास्त, पेट्रोल कमी अशा मिश्रणावर ते चालवलेलं आहे, आणि मालक कितीही कमी किंमत सांगो, घेऊ नका. ओरखडे नसतील तर शेवटचं विचारा: याचे सुटे भाग म्हापशात किंवा फोंड्यात मिळतात का, आणि ते बसवणारा माणूस कोण आहे?