मावशी, अजून थोडी किमची

(पडद्यावर: सकाळचे साडेदहा. अरुंद गल्ली. पसरट लोखंडी तव्यात लाल रस्सा रटरटतोय, त्यात बोटभर लांबीचे पांढरे तुकडे. आवाज फक्त रश्शाचा आणि डावाचा.)

सोल शहरातला सिंदांग-दोंग हा भाग. इथल्या चुंगांग बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली, तर एकाला अंग चोरावं लागतं. त्या गल्लीत हे सहा टेबलांचं दुकान आहे. दाराशीच ओटा, ओट्यावर तीन भांडी, आणि तिन्ही दिवसभर गरम. एकात तोकबोकी, म्हणजे तिखट रश्शात शिजवलेले पिठाचे बोटभर तुकडे. दुसऱ्यात ओमुक, म्हणजे मासा वाटून त्यात पीठ कालवून केलेल्या वड्या. त्या लांब काडीला घडी घालून टोचलेल्या आणि पाण्यात उभ्या ठेवलेल्या. तिसऱ्यात ओल्या फडक्याखाली सुंदे, म्हणजे रक्त आणि शेवया भरलेलं डुकराचं आतडं.

आता एक हाक ऐका.

(पडद्यावर: शाळेचा गणवेश घातलेली दोन मुलं आत शिरतात. "इमो!")

इमो म्हणजे आईची बहीण. मावशी.

कोरियन भाषेत वडिलांच्या बहिणीला निराळा शब्द आहे, कोमो. आपल्याकडे मावशी निराळी आणि आत्या निराळी, तसंच. पण खानावळीत वाढणाऱ्या बाईला कोणी कोमो म्हणत नाही. इथे मावशीच हवी. 'आजुम्मा' असाही शब्द आहे, बाई किंवा काकू अशा अर्थाचा, पण अनोळखी माणसाने तो वापरला तर तुसडा वाटतो. भाजीवालीला, शाळेतल्या मदतनीस बाईंना, दवाखान्यातल्या आयांना मावशी म्हणत वाढलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच दिवशी आम्ही 'इमो' म्हणालो आणि आम्हाला ओमुकच्या रश्शाचा पेला मिळाला. मुळा, सुक्या बोंबलांसारखे छोटे सुकवलेले मासे आणि समुद्री शेवाळाचा पट्टा उकळून केलेलं हे पाणी. त्याचे पैसे पडत नाहीत. थंडीत माणसं तेवढ्यासाठी ओट्याशी रेंगाळतात.

या दुकानाच्या प्रकाराला कोरियात बुन्शिक-जिप म्हणतात. जिप म्हणजे घर. बुन्शिक म्हणजे पिठाचं खाणं.

(पडद्यावर: भिंत. पदार्थांच्या नावांच्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत.)

भिंतीवर चाळीसएक नावं आहेत. तोकबोकी, राम्योन म्हणजे झटपट शेवया, सुजेबी, कालगुक्सू म्हणजे सुरीने कापलेल्या शेवया, किम्बाप, मांदू म्हणजे मोमोसारखे सारण भरलेले मोदक, ट्विगिम म्हणजे तळलेली भजी. आम्ही पाच दिवस येत राहिलो, तरी सगळे पदार्थ खाऊन झाले नाहीत. पण या भिंतीसमोर बसल्यावर पहिल्या तासातच एक प्रश्न पडला. भातावर जगणाऱ्या देशात, जिथे 'जेवलास का' हे विचारताना 'भात खाल्लास का' असंच विचारतात, तिथे पिठाच्या पदार्थांचं असं स्वतंत्र घर का उभं राहिलं?

कारण तांदूळ नव्हता.

कोरियन युद्ध १९५३ साली थांबलं. शेती उद्ध्वस्त झाली होती आणि शहरांत निर्वासितांची गर्दी होती. अमेरिकेने १९५४ साली पी. एल. ४८० नावाचा कायदा केला होता. आपल्याकडचं जास्तीचं धान्य गरजू देशांना सवलतीने देण्याचा. त्याखाली जहाजं भरभरून गहू कोरियाच्या बंदरांत उतरू लागला. हे नाव आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनेही ऐकलेलं आहे. याच कायद्याखालचा गहू भारतात येत होता आणि रेशनच्या दुकानातून घराघरांत पोचत होता. पुढे बाहत्तरच्या दुष्काळात महाराष्ट्राने लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. मिलोची चव सांगताना ती पिढी आजही तोंड वाकडं करते.

कोरियाने काय केलं, ते या भिंतीवर लिहिलेलं आहे.

साठच्या दशकात तिथल्या सरकारने भात कमी खा, त्यात सातू मिसळा, गव्हाचे पदार्थ खा अशी मोहीमच उघडली. १९६९ साली बुधवार आणि शनिवार हे बिनतांदळाचे वार ठरले. त्या दोन दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळात खानावळींना भात विकायला बंदी. शाळेत गुरुजी डबे उघडून बघायचे. डब्यात नुसता पांढरा भात सापडला, तर मुलाला बोलणी खावी लागत. ज्यांच्या घरी तांदूळ होता, ती मुलं वरून सातूचा थर पसरून आणायची.

आमच्या इमो साठीच्या पुढच्या आहेत. त्यांना ही तपासणी आठवते. त्या म्हणाल्या, "आमच्या डब्यात पांढरा भात नव्हताच. मला कसली भीती?" आणि वळून रस्सा ढवळू लागल्या.

(पडद्यावर: हिरवी, पांढऱ्या ठिपक्यांची मेलामाइनची ताटली. तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली जाते. वर तोकबोकी ओतली जाते.)

ही ताटली कोरियात लहानपण गेलेलं कोणीही ओळखेल. पिशवी अशासाठी, की खाऊन झालं की ती काढून टाकायची. धुण्याचं पाणी वाचतं, हात वाचतात.

तोकबोकी तशी जुनी. राजवाड्यात ती सोयासॉसमध्ये, मांस घालून व्हायची, तिखटाचं नाव नव्हतं. आज आपण बघतोय ती लाल तोकबोकी याच सिंदांग-दोंगची. मा बोक-रिम नावाच्या बाईंनी १९५३ साली इथे रस्त्याकडेला ती विकायला सुरुवात केली, असं मानतात. गोष्ट अशी सांगतात, की त्यांच्या हातून तांदळाच्या पिठाचा तुकडा, म्हणजे तोक, चिनी पद्धतीच्या काळ्या सॉसच्या शेवयांत पडला. उचलून खाल्ला तर छान लागला. मग त्यांनी गोचुजांग या आंबवलेल्या लाल चटणीत तो काळा सॉस मिसळून बघितला. नव्वदच्या दशकात त्या गोचुजांगच्या जाहिरातीत झळकल्या. त्यातलं त्यांचं वाक्य देशभर गाजलं. चटणीचं गुपित सुनेलाही ठाऊक नाही, अशा अर्थाचं. २०११ साली त्या गेल्या. त्यांच्या दुकानाभोवती तोकबोकीची अख्खी गल्ली वसली आहे, इथून चालत जाण्याच्या अंतरावर.

गोचुजांग म्हणजे लाल तिखट, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ, मडक्यात महिनोन्‌महिने मुरवलेलं. जिभेला आधी गोड लागतं. मग आंबूस खोली जाणवते. तिखट सर्वांत शेवटी येतं आणि बराच वेळ रेंगाळतं. कोल्हापुरी ठेच्यावर वाढलेल्या माणसाला यात झणका कमी वाटेल. पहिल्या दिवशी मलाही वाटला. दुसऱ्या दिवशी मी ठेचा शोधणं सोडून दिलं, आणि मग हे तिखट कळायला लागलं.

मिरचीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मिरची ना आपली, ना कोरियाची. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती गोव्यात उतरली आणि घाट चढून वर आली. त्याच शतकाच्या अखेरीस ती जपानमार्गे कोरियात पोचली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या ठेच्यातली मिरची आणि त्यांच्या किमचीतली, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीतली मिरची, दोन्ही एकाच शतकात आल्या.

तांदूळ महाग होता त्या काळात तोकसुद्धा गव्हाचे होत. आज तांदळाचे सहज मिळतात. तरीही गव्हाचे तोक मुद्दाम मागणारी गिऱ्हाइकं आहेत, कारण ते रस्सा जास्त पितात आणि चावताना मऊ लागतात. आम्ही दोन्ही खाल्ले. माझं मत गव्हाच्या तोकला.

(पडद्यावर: राम्योनचं पिवळं पितळी रंगाचं पातेलं. झाकण. वाफ. अंडं फोडलं जातं.)

राम्योनची जन्मकथाही तशीच. साम्यांग कंपनीचे संस्थापक चोन चुंग-युन यांनी सोलच्या नामदेमुन बाजारात एक रांग बघितली. अमेरिकी छावणीतल्या उष्ट्या-उरल्या अन्नाची पेज विकत घ्यायला माणसं उभी होती. चोन जपानला गेले, म्योजो कंपनीकडून झटपट शेवयांचं तंत्र घेऊन आले, आणि १९६३ साली कोरियातलं पहिलं राम्योन बाजारात आलं. पाकिटाची किंमत १० वोन.

आता थोडं थांबून सुजेबी बघू या. मला सगळ्या भिंतीत हाच पदार्थ जवळचा वाटला.

(पडद्यावर: इमोंचे हात. कणकेचा गोळा. अंगठ्याने ताणून एकेक पातळ तुकडा तोडला जातो आणि उकळत्या पाण्यात पडतो.)

कणीक मळून ती तास-दोन तास झाकून ठेवतात. मग लाटणं नाही, पोळपाट नाही. गोळा डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने ताणून तोडायचा आणि थेट रश्शात टाकायचा. रश्शात बटाटा, भोपळ्याच्या जातीची कोवळी हिरवी भाजी, कांद्याची पात. तुकडे कुठे जाड, कुठे कागदासारखे पातळ. ओळखलंत ना? ही वरणफळं आहेत. कुठे कुठे चकोल्या म्हणतील. फक्त तुरीच्या वरणाऐवजी माशाचं पाणी.

युद्धानंतर सुजेबी गरिबाघरचं जेवण झाली. इतकी, की त्या पिढीतली काही माणसं तिला आजही हात लावत नाहीत. लहानपणी रोज खाल्ली, आता पुरे, म्हणतात. आणि त्यांचीच नातवंडं पावसाळी दिवशी सुजेबीसाठी दाराबाहेर उभी राहतात. इमोंना मी विचारलं, तुम्ही खाता का? त्यांनी कणीक तोडणं न थांबवता उत्तर दिलं, "करते. खात नाही."

आम्ही त्यावर पुढे काही विचारलं नाही.

सुंदे पटकन सांगतो. डुकराच्या आतड्यात रक्त आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया भरून वाफवतात. कापताना इमो विचारतात, काळीज-फुप्फुस मिसळून देऊ का? ज्यांच्या घरी रक्ती आणि वजडी प्रेमाने शिजते, त्यांनी बिनधास्त हो म्हणावं. सोलमध्ये सुंदे तिखट-मिठाला लावून खातात, बुसानमध्ये सोयाबीनच्या चटणीला, आणि आपलीच पद्धत बरोबर यावर दोन्ही गावं ठाम असतात.

शाकाहारी प्रेक्षकांसाठी एक इशारा, कारण याबद्दल नंतर वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. या दुकानात जवळजवळ प्रत्येक रश्शाच्या तळाशी सुके मासे आहेत, तोकबोकीच्यासुद्धा. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा खार असतो. कोकणात जवळा जे काम करतो, तेच काम तो इथे करतो. 'कोगी पेगो जुसेयो' म्हटलं की मांस काढून देतात, पण माशाला ते मांसात धरतीलच असं नाही. सरळ किम्बापकडे वळावं आणि आत काय नको, ते एकेक करून सांगावं.

(पडद्यावर: बांबूची चटई. समुद्री शेवाळाचा काळा कागद. त्यावर भात पसरला जातो.)

किम म्हणजे ते शेवाळ, बाप म्हणजे भात. जपानी सुशीसारखं दिसतं, पण भाताला शिरका लावलेला नसतो. तिळाचं तेल आणि मीठ असतं. आत पालक, गाजर, अंड्याची पट्टी, हॅम आणि पिवळाधमक मुळ्याचा लोणच्याचा तुकडा, दानमुजी. गुंडाळी करून वरून तेलाचं बोट फिरवायचं आणि चकत्या कापायच्या. शाळेची सहल, रेल्वेचा प्रवास, डोंगर चढणं, सगळीकडे कोरियन माणसाबरोबर किम्बाप असतो. आपल्या दशम्यांची जागा तिथे याची. आणि घरोघरी एक छोटं भांडण ठरलेलं. गुंडाळीच्या दोन टोकांना सारण बाहेर आलेलं असतं, भात कमी आणि बाकी सगळं जास्त. त्या टोकाला कोंगदारी म्हणतात. ते कोणी खायचं?

(पडद्यावर: दुपारचे दोन. गर्दी ओसरली आहे. भिंतीवर पाटी, 'पाणी स्वतः घ्यावे'. टेबलाच्या बाजूच्या खणात चमचे आणि चॉपस्टिक.)

पाणी आपलं आपण घ्यायचं. चमचे खणातून काढायचे. पण किमची मागायची असते, आणि कितीदाही मागता येते. "इमो, किमची चोम दो जुसेयो." मावशी, अजून थोडी किमची द्या. बिलात ती येत नाही. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर कोबीचे ढीग लावून शेजारीपाजारी मिळून किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने ही प्रथा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आमच्या इमोंची किमची मात्र त्यांची बहीण गावाहून पाठवते. म्हणजे इथेही मावशीच.

भात मागवलात, तर झाकणाच्या स्टीलच्या वाटीत येतो. ही वाटी देशभर जवळपास एकाच मापाची का, याचं उत्तर पुन्हा त्याच टंचाईत आहे. तांदूळ वाचावा म्हणून १९७६ साली सोल महापालिकेने खानावळीतल्या वाटीचं माप ठरवून दिलं, व्यास साडेदहा सेंटिमीटर, उंची सहा. सत्तरच्या दशकातच तोंगिल नावाचं भरघोस पिकणारं भाताचं वाण शेतांत पसरलं, तांदूळ पुरेसा झाला, बिनतांदळाचे वार गेले. वाटी राहिली.

शेजारच्या मोठ्या रस्त्यावर आता नव्या धाटणीची बुन्शिकची दुकानं आहेत. दाराशीच पडदा असलेलं यंत्र. बोटाने पदार्थ निवडायचा, कार्ड लावायचं, नंबर आला की ताट उचलायचं. झटपट होतं, चूक होत नाही, भाषा येत नसली तरी अडत नाही. आम्ही तिथेही जेवलो, आणि चांगलं जेवलो. किमची संपली तेव्हा मान वर केली. हाक मारायला कोणी दिसलं नाही.

(पडद्यावर: पाचवा दिवस. दुकानाचं दार. कॅमेरा पिशवीत जातोय.)

निघताना इमोंनी विचारलं, तुमच्या भाषेत इमोला काय म्हणतात? आम्ही सांगितलं. त्यांनी तीनदा म्हणून बघितलं. 'व' त्यांना जमत नव्हता, 'माउशी' व्हायचं. आम्ही म्हणालो, आमच्याकडेही कितीतरी जण असंच म्हणतात.

मग त्यांनी एक पिशवी हातात ठेवली. आत चांदीच्या कागदात गुंडाळलेले दोन किम्बाप. विमानतळाला जायला तासभर लागतो, वाटेत खा. आम्ही पैसे पुढे केले. कोरियन खानावळीत फुकट दिलेल्या गोष्टीसाठी एक इंग्रजी शब्द कोरियन होऊन बसला आहे. त्यांनी हात झटकला आणि तोच म्हणाल्या.

"सर्व्हिस!"

(पडद्यावर: धावत्या आगगाडीची खिडकी. मांडीवर उघडलेला चांदीचा कागद. तीन हात एकाच वेळी टोकाच्या तुकड्याकडे जातात.)