बरोबरीत सुटलेला डाव पुन्हा मांडताना

मुलांनो आणि पालकहो, बुद्धिबळाच्या स्पर्धेहून आल्यावर हरलेला डाव आपण तपासतो, जिंकलेला चार जणांना दाखवतो. बरोबरीत सुटलेला मात्र वहीतच राहतो. किंवा मूल विचारतं, "सर, ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांची पद्धत, बदलू का?" अर्धा गुण नेमका कुठे गेला हे न पाहता हा प्रश्न विचारायचाच नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

एक डाव घेऊ. मार्च 2004, आइसलँडमधल्या रेक्याविकची जलद स्पर्धा. पांढरी मोहरी पुढे विश्वविजेता झालेल्या, तेव्हा 13 वर्षांच्या मॅग्नस कार्लसनकडे, काळी तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या गॅरी कास्पारोवकडे. डाव बरोबरीत सुटला. त्या मुलाचं कौतुक सगळ्यांना आठवतं, त्याची ओपनिंग फार थोडे जण मांडून पाहतात.

ओपनिंग होती केंब्रिज स्प्रिंग्ज बचाव. 1904 साली अमेरिकेत त्या नावाच्या गावी झालेल्या स्पर्धेवरून हे नाव पडलं. सहाव्या खेळीला काळा वजीर पटावरच्या ए5 या घरात येतो. यात दोन धमक्या आहेत. पांढऱ्याचा सी3 वरचा घोडा पिन होतो, म्हणजे मागे राजा असल्याने तो जागचा हलू शकत नाही. शिवाय काळ्याच्या डी5 च्या प्याद्याने सी4 मारलं, की पाचवी रांग मोकळी होऊन वजिराची नजर थेट जी5 च्या उंटावर पडते. कार्लसनने एफ3 चा घोडा डी2 वर आणला. वाटतं माघार, पण पिन सुटली, ई4 चं घर राखलं गेलं, आणि सी4 वर मारामारी झालीच तर हाच घोडा तिथे बसून वजिरावर हल्ला करणार. एका खेळीत तीन कामं! तुमचं मूल ही खेळी पाठ म्हणून खेळतं की कारण सांगू शकतं, हे विचारून बघा.

पुढे दहाव्या खेळीला काळ्याने डी4 चं प्यादं मारलं. आपल्यापैकी बहुतेकांचा हात लगेच ते परत घ्यायला जाईल. कार्लसनने आधी घोडा बी3 वर नेऊन वजिराला हटवलं, मग प्यादं घेतलं. डी4 वरचं प्यादं एकटं पडलं खरं, पण मोहरी मोकळी झाली, हत्ती ई1 वर आला. पुढे त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं. ते जिंकण्यात बदलता आलं नाही, डावाच्या शेवटच्या टप्प्यात कास्पारोव निसटला. म्हणजे ओपनिंग निर्दोष, काम एंडगेमवर, या शेवटच्या टप्प्यावर, करायचं. नुसता निकाल पाहून कार्लसनने केंब्रिज स्प्रिंग्जविरुद्धची ही मांडणी सोडली असती, तर चांगली गोष्ट फेकून दिली असती.

तुमच्या डावातही हेच करा. पट मांडा, इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक, बंद ठेवा. जिथे तुमची माहिती संपली त्या खेळीवर रेघ ओढा आणि तिथून पुढे मनात काय होतं ते लिहा. इंजिनचं शून्य, म्हणजे दोन्ही बाजू समान असल्याचा आकडा, इथे फसवतं: यंत्राला समान वाटणारी स्थिती तुम्हाला खेळायला अवघड असू शकते. इंजिन नंतर लावा.

आज रात्री अकराव्या खेळीपाशी थांबून पांढऱ्याने प्यादं लगेच घेतलं असतं तर काळा काय खेळला असता, हे स्वतः शोधा. दोन्ही स्थिती शेजारी शेजारी वहीत मांडून आणा. उद्याची सुरुवात तिथूनच करू.