नेबो: स्लाव्ह आभाळातला लपलेला स

स्क्रीनवर दिसतोय तो शब्द आहे प्रोटो-स्लाव्हिक भाषेतला *नेबो, म्हणजे आभाळ, आणि त्याच्या आधी ती छोटी चांदणी आहे ना, तिचा अर्थ असा की हे रूप त्या काळातलं लिहिलेलं कुठेच सापडत नाही. प्रोटो-स्लाव्हिक ही रशियन, पोलिश, झेक, सर्बियन या सगळ्यांची आई, पण तिला लिपीच नव्हती.

मग शब्द कळला कसा? विभक्ती बघा. प्रथमेला नेबो, पण षष्ठीला नेबेसे आणि अनेकवचनात नेबेसा. मधेच हा स कुठून आला? आला नाही, तो आधीपासून होताच! संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि स्लाव्हिक या सगळ्यांची मूळ भाषा म्हणजे इंडो-युरोपियन, तिच्यातला शब्द नेभोस, पुढे स्लाव्हिकमध्ये शब्दाच्या टोकाची व्यंजनं गळून पडली त्यामुळे प्रथमेतला स गेला, पण षष्ठीत त्याच्यापुढे स्वर होता म्हणून तो वाचला. शाळेत ज्यांनी संस्कृत घेतलं त्यांनी आता नभस् शब्द चालवून बघा, नभः, नभसी, नभांसि आणि षष्ठी नभसः. नेबेसे, नभसः. हे दोन शेजारी ठेवले की मला अजूनही अंगावर काटा येतो. आपल्या मराठी नभातला स मात्र गेलाच.

अर्थ पण सरकलाय. ग्रीक नेफोस म्हणजे ढग, लॅटिन नेबुला म्हणजे धुकं, आणि आपल्याकडे श्रावणाचं वैदिक नाव नभस्, म्हणजे पावसाळ्याशी नातं आहेच. हित्ती या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेत मात्र नेपिश म्हणजे आभाळच, आणि ती भाषा १९१५ मध्ये उलगडली बेद्रिख ह्रोझनी या झेक माणसाने, ज्याच्या स्वतःच्या भाषेत आभाळाला नेबे म्हणतात.

८६३ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे दोघे धर्मप्रचारक भाऊ मोराव्हियाला, म्हणजे आजच्या झेक भागात, निघाले, धर्मग्रंथ स्लाव्ह भाषेत आणायला, आणि त्या परंपरेतल्या जुन्या चर्च स्लाव्हॉनिक, म्हणजे सगळ्यात जुन्या लिखित स्लाव्ह भाषेतल्या, हस्तलिखितांत नेबो-नेबेसे ही जोडी खरंच मिळते, यापेक्षा भक्कम पुरावा दुसरा नाही.

नंतर लोकांनी चालवणं सोपं करून टाकलं. रशियनमध्ये षष्ठी आता साधी नेबा, स उरलाय फक्त अनेकवचनात, नेबेसा. आणि आभाळाचा हा उच्चारसुद्धा चर्चच्या भाषेने सांभाळलेला, कारण रशियनच्या स्वतःच्या वळणाने त्याचं झालं असतं न्योबो, आणि तो शब्दही तिथे आहेच, त्याचा अर्थ तोंडातली टाळू.