सासासा सारेग : एक आयरिश जिग कानाने शिकताना

व्हिसल, म्हणजे ही छोटी आयरिश बासरी, हातात घेण्याआधी एक ओळ म्हणते, ती ऐका. सासासा सारेग, रेरेरे रेगप, धपप सांपप, धपग पगरे. काही जणांच्या माना हलल्या. बरोबर, स्वर भूपाचे आहेत. पण हा भूप नाही. ही 'द केश' नावाची आयरिश जिग, म्हणजे नाचाची एक चाल आहे आणि मी पाश्चात्त्य 'जी' स्वराला षड्ज मानून ती सरगमीत म्हटली. मी शिकले त्या रूपात पहिला भाग संपताना 'रेसानि सा' येतं, तेव्हा एकदाच नि डोकावतो.

आता तालाकडे वळू. तीन-तीन मात्रांचे दोन गट, म्हणजे बोटांवर मोजायला गेलात तर दादराच. इथेच मी कितीतरी दिवस अडकले होते. सहाही स्वर मी सारख्या लांबीचे वाजवायचे. आयर्लंडमधल्या गॉलवेत सेशनला, म्हणजे वादक जमून एकत्र वाजवतात त्या बैठकीत, माझ्याशेजारी बसणाऱ्या एका वयस्कर फिडलवादकांनी (फिडल म्हणजे व्हायोलिनच) काही न बोलता टेबलावर बोटांनी ठेका धरला, तेव्हा कळलं. तिनातला पहिला स्वर जरा रेंगाळतो, दुसरा चटकन निसटतो आणि तिसरा पुढच्या ठोक्याकडे ढकलतो. हे कागदावर लिहिलेलं नसतं. कागदावर सहा सारख्या खुणा असतात. ही मुळात नाचाची चाल आहे, त्यामुळे तो झोका नसेल तर नाचणाऱ्याचा पाय उचलणारच नाही.

आठ आवर्तनांचा पहिला भाग दोनदा, तेवढाच दुसरा भाग दोनदा, अशी एकूण ३२ आवर्तनं. मिनिटाला ११६ ठोके आणि ठोक्याला तीन स्वर, अशी लय धरली तर जिग ३३ सेकंदांत पूर्ण होते. ती बहुतेक वेळा तीनदा वाजवतात आणि न थांबता तिच्यातूनच दुसरी जिग सुरू होते. समोर कागद ठेवून हे जमत नाही. पुढची चाल कोणती ते कुणी आधी सांगत नाही. ज्याने सुरुवात केली तो फार तर मान वर करून एक नजर टाकतो, आणि चाल बदलते.

पुस्तकांना मी कमी लेखत नाही. कॉर्क परगण्यातून अमेरिकेला गेलेले फ्रान्सिस ओनील शिकागोचे पोलीसप्रमुख होते. त्यांनी १९०३ साली १,८५० चालींचा संग्रह छापला आणि आजही तो उघडला जातो. मात्र ओनील यांना स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. कानाने साठवलेल्या चाली ते वाजवून किंवा गुणगुणून दाखवत, आणि जेम्स ओनील नावाचे त्यांचे सहकारी त्या उतरवून घेत. म्हणजे या एवढ्या मोठ्या पुस्तकाचा रस्तासुद्धा कानातूनच गेला.

मग शिकायचं कसं? मी वाद्य बाजूला ठेवून सुरुवात करते. चाल तोंडाने म्हणता येईपर्यंत ऐकायची. आयरिश लोकही निरर्थक अक्षरांवर चाली गातात, त्याला लिल्टिंग म्हणतात. वाद्य नसेल तर पूर्वी लोक त्यावरच नाचत. त्यानंतर दोन-दोन आवर्तनांचे तुकडे करायचे. आणि मग सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सापळा काढायचा, प्रत्येक तिनातला फक्त पहिला स्वर. सा सा, रे रे, ध सां, ध प. एवढंच वाजवत सगळ्यांबरोबर पुढे जाता आलं पाहिजे. सेशनमध्ये बोट चुकणारच. सापळा पक्का असेल तर पुढच्या ठोक्यावर परत आत शिरता येतं. तो नसेल तर माणूस मागे जाऊन चुकलेला स्वर दुरुस्त करायला बघतो, तोवर बाकीचे दोन आवर्तनं पुढे निघून गेलेले असतात.

अलंकार शेवटी. सुरुवातीच्या त्या 'सासासा'च्या जागी व्हिसलवर रोल घेतात. वरचं एक बोट क्षणभर उचलायचं, मग खालच्या भोकावर एक टिचकी मारायची. फुंक कुठेही तुटत नाही. एका लांब सा मध्ये वरचा आणि खालचा असे दोन धक्के बसतात आणि तीन मात्रा भरतात. फार सुंदर लागतो तो. पण सापळा बसण्याआधी रोलच्या मागे लागलात तर लय हातची जाते.

येत नसलेली चाल सुरू झाली तर वाद्य मांडीवर ठेवा आणि ऐका. त्यात कमीपणा काहीच नाही, तिथले मुरलेले वादकही तेच करतात. तीच चाल पुढच्या आठवड्यात पुन्हा येते आणि तोवर तिचा निम्मा सापळा तुमच्या कानात बसलेला असतो. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा.

आता सगळे माझ्याबरोबर म्हणा, संथ लयीत. उजव्या पायाने ठोका द्या, आवर्तनाला दोन. टाळ्या नकोत, पायच. तयार? सासासा सारेग...